बंदूक घरी ठेवून शिकारीला

शिकारीला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर बंदूक हवीच, असा आपला समज असतो. मी सांगणार आहे ती शिकार बंदुकीविना झाली. एकही जनावर मेले नाही. परंतु माझ्या पुतण्याचा दोन एकर भुईमूग त्या शिकारीने वाचला आणि कदाचित एखाद्या माणसाचा जीवही वाचला. ज्यांची शेते डोंगराच्या कडेला आहेत त्यांना उपयोगी पडेल, म्हणून ही हकीकत सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात झाली ती अमेरिकेतून आलेल्या एका फोनने. आमच्या नात्यातला एक मुलगा तेथील कोलोरॅडो राज्यात नोकरीला आहे. २०२२ च्या दिवाळीत त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, पुढच्या हंगामात आम्ही चौघे मित्र एल्कच्या शिकारीला जाणार. वाटाड्या नाही, नोकर नाही, सगळे आपले आपण करायचे."

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतला थोर हरिण. मोठा नर तीनशे किलोच्या घरात जातो. मी विचारले, "अरे, त्यात एवढे ठरवायचे काय असते?" तर तो तासभर बोलत राहिला. परवान्याचा अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो, काही भागांत तर चिठ्ठ्या निघतात. नकाशा घेऊन पाणी कोठे, चारा कोठे, जनावर दुपारी निवाऱ्याला कोठे बसेल, हे आधी शोधायचे. पाठीवर ओझे घेऊन रोज चालायची सवय करायची. जनावर पडले तर त्याचे मांस पिशव्यांत भरून, पाठीवर वाहून, तीन-चार खेपा करून सडकेपर्यंत आणायचे. जंगलात टाकून येणे हा तिकडे गुन्हा आहे. शेवटी तो म्हणाला, "मामा, गोळी झाडायचं काम एका क्षणाचं. बाकी सगळं वर्षभराचं नियोजन."

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार शिकारीने तिकडचे एल्क फारच थोडे उरले होते. मग नियम कडक झाले, परवान्याचा पैसा जंगलावर खर्च होऊ लागला आणि कळप पुन्हा वाढले. आपल्याकडे निराळा मार्ग धरला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. आज काळवीट किंवा चिंकारा मारला तर तीन ते सात वर्षे कैद आहे, आणि अभयारण्यात कोणतीही शिकार केली तरी तेवढीच.

पुतण्याचे तारेचे वेटोळे

त्या फोननंतर तीन-चार महिन्यांनी, म्हणजे २०२३ च्या फेब्रुवारीत, मी पुतण्याकडे गेलो होतो. त्याचे गाव येडशी-रामलिंगच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. विहिरीला पाणी होते म्हणून त्याने दोन एकर उन्हाळी भुईमूग टोकला होता. पेरणीनंतर चौथ्याच रात्री रानडुकरे आली आणि सरीच्या सरी उकरून बी खाऊन गेली. त्याने पुन्हा टोकण केली. पुन्हा डुकरे आली. बियाण्याचा भाव आपणा सर्वांना ठाऊक आहे.

ओसरीवर तारेचे एक वेटोळे पडलेले मी पाहिले. विचारले, "हे कशाला आणलंस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "काका, आता दुसरा विलाज न्हाई. डोंगराकडच्या बांधावर तार वढतो आन् रातीचा करंट सोडतो. एक-दोन मेली की बाकीची याची न्हाईत."

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याच भागातील एका गावात अशाच तारेने एक कर्ता माणूस गेला. तार त्याची स्वतःचीच होती. पहाटे मोटार चालू करायला गेला आणि रात्रीचा करंट बंद करायचा राहिला, हे विसरला. पुतण्याच्या त्या बांधावरून तर गावाच्या शेळ्या जातात, आणि शेळ्यांमागे आठ-दहा वर्षांची पोरे.

मी रागावलो नाही. रागावून तार सुटत नसते. मी त्याला अमेरिकेतल्या त्या मुलाची हकीकत सांगितली आणि म्हणालो, "तुला शिकारच करायची ना? मग रीतीने कर. जनावर राहते कोठे, पाणी पिते कोठे, येते कोणत्या वाटेने, हे तुला ठाऊक आहे का? दोन दिवस माझ्याबरोबर चल. त्यानंतर तुला तार लावावीशी वाटली तर मी आडवा येणार नाही." असे म्हणालो खरा, पण मनातून मी आडवा येणारच होतो.

रामलिंगचा घाट

धाराशिवहून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर येडशी लागते. धाराशिव म्हणजे आपला उस्मानाबाद जिल्हा. २०२३ साली त्याला जुने नाव परत मिळाले. बालाघाटाचे पठार येथे संपते आणि डोंगर पश्चिमेला बार्शीच्या बाजूला उतरतो. त्या उतारावरच्या दरीत रामलिंगाचे देऊळ आहे. पावसाळ्यात देवळाभोवती ओढा खळाळतो, वरून धबधबा पडतो, आणि श्रावणात दर्शनाला रीघ लागते. सीतेला नेणाऱ्या रावणाशी जटायू येथेच झुंजला, असे जुनी माणसे सांगतात आणि जटायूची समाधीही दाखवतात. माकडे एवढी धीट, की हातातला नारळ हिसकावून नेतात.

हा सगळा भाग १९९७ पासून अभयारण्य आहे. क्षेत्र बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फार मोठे नाही. बाहेरून पाहिले तर डोंगर बोडके वाटतात. पण आत घळी आहेत, सोंडा आहेत, आणि धावडा, सालई, खैर, आपटा, पळस, बेल यांचे रान आहे. सीताफळ तर जागोजागी आपोआप उगवलेले.

माझ्या लहानपणी बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी या बाजूने धावत असे. १९११ साली ती लातूरपर्यंत पोचली होती. घाट चढताना तिची अशी दमछाक होई, की पोरे खाली उतरून तिच्याबरोबर चालत. माझे आजोबा त्या गाडीने मला रामलिंगाला नेत. ते निजामाच्या अमलातले शिकारी. पुढे बंदूक गेली, पण डोळा गेला नाही. चालता चालता ते मला माती दाखवत आणि विचारत, "सांग, हितनं कोण गेलं?" मी चुकलो की हसत. त्यांचे एक वाक्य माझ्या मनात घर करून आहे: "तू जनावर बघायच्या आधी जनावरानं तुला बघितलेलं असतंय."

तयारी

आता आम्ही केलेली तयारी सांगतो.

पहिली गोष्ट परवानगी. अभयारण्यात देवळापर्यंत कोणीही जावे, पण रानात शिरायचे तर वनविभागाला विचारूनच. आम्ही रीतसर अर्ज केला, उद्देश लिहिला, आणि बरोबर एक वनमजूर मिळाला. तो धनगराचा मुलगा, रानात वाढलेला. त्याच्यावाचून आमचे काही खरे नव्हते.

दुसरी गोष्ट नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर डोंगराच्या उंचीच्या तपकिरी रेघा असतात आणि एका रेघेपासून दुसरीपर्यंत वीस मीटर चढ असतो. रेघा दाट असतील तेथे कडा, विरळ असतील तेथे माळ. मृद्संधारणाच्या कामाने या रेघांची मला सवय आहे. पुतण्याला मी समजावले, "सपाटीवर एक किलोमीटर चालायला पाव तास लागतो, तर या दाट रेघांवर पाऊण तास धर."

तिसरी गोष्ट वारा, आणि शिकारीचे निम्मे शास्त्र यातच आहे. डुकराची नजर बेताची, पण नाक फार तिखट. आपला वास त्याच्याकडे गेला की संपले. डोंगरातला वारा घड्याळासारखा वागतो. रात्री गार झालेली हवा जड होते आणि पहाटे उतारावरून खाली वाहते. ऊन तापले की हवा हलकी होऊन वर चढू लागते. म्हणून पहाटे खालून वर चढावे, म्हणजे वारा तोंडावर येतो. ऊन तापायच्या आत सोंडेवर जाऊन खाली तोंड करून बसावे, म्हणजे पुन्हा वारा तोंडावरच येतो. चिमूटभर राख पुरचुंडीत ठेवावी आणि अधूनमधून उडवून पाहावी. आजोबांची ही युक्ती. अमेरिकेतला मुलगा म्हणाला, की तिकडेही अशीच पूड बाळगतात.

कपडे मातकट रंगाचे घेतले. पांढरा सदरा नको, अत्तर किंवा वासाचे तेल नको. आग्या मोहोळाची वाट असेल तर वास आणि धूर दोन्ही वैरी. पायात बूट आणि जाड मोजे, कारण कुसळी गवत चपलेत पाय रक्तबंबाळ करते. शिवाय या मुरमाड माळावर फुरसे असते. दगड उचलताना आधी काठीने हलवून पाहावा. साप चावलाच तर चिरा देणे, चोखणे असले काही न करता, अवयव न हलवता, सरळ सरकारी दवाखाना गाठावा.

सूनबाईने कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि गूळ-फुटाणे बांधून दिले. मीठ-साखरेची पुडी मी घेतली. शिट्टी, बॅटरी, दोरी आणि माझी जुनी दुर्बीण. घळीत फोन लागत नाही, म्हणून घरी सांगून ठेवले: "दिवेलागणीपर्यंत आलो नाही, तर अमुक वाटेने शोधायला या."

पाण्याच्या बाबतीत मात्र मी चुकलो. ते पुढे येईलच.

डोंगरात

पहिल्या दिवशी संध्याकाळी बांधावरून फक्त टेहळणी केली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. पळस फुलला होता, पण अंधारात तो काळाच दिसत होता. ओढ्याच्या कडेने वर चढू लागलो. पुतण्या पुढे धावू पाही. वनमजुराने त्याला दोनदा हाताने थोपवले. वीस पावले चालायचे आणि थांबून ऐकायचे, अशी चाल ठेवली.

उजाडता उजाडता मोर ओरडला. एका खडकावर पांढरट, चुन्याच्या गोळ्यासारखी विष्ठा दिसली. "तरसाची," वनमजूर म्हणाला. तरस हाडे चावून खातो, म्हणून त्याची विष्ठा वाळली की पांढरी होते. पुढे मऊ मातीत खुरांचे ठसे मिळाले. येथे मी पुतण्याला आजोबांसारखेच विचारले, "सांग, कोण गेलं?"

"डुक्कर."

"नीट बघ. हरणाचा ठसा निमुळता, बदामासारखा असतो. डुकराचा बोथट असतो आणि मऊ मातीत मागे दोन बारीक खुरांच्या खुणा उमटतात. या ठशाच्या मागे खुणा आहेत का?" नव्हत्या. हरीण गेले होते.

साडेआठच्या सुमारास सोंडेवर पोचलो आणि बोरीच्या झुडपाआड बसलो. राख उडवली, ती आमच्याच तोंडावर आली. अर्धा तास काहीच हलले नाही. मग वरच्या माळावर, जेथे आम्ही दहादा पाहिले होते तेथेच, दोन चिंकारे उभे असल्याचे वनमजुराने दाखवले. मातीच्या रंगाची माती! एकाने शेपटी झटकली नसती, तर मला शेवटपर्यंत दिसले नसते. पुतण्याला दुर्बीण दिली. तो किती तरी वेळ बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "काका, आपल्या शेळीवानी पाय हायेत की." उस्मानाबादी शेळ्यांत वाढलेला पोरगा, त्याला दुसरी कोणती उपमा सुचणार?

डुकरांचे मात्र चिन्ह नव्हते. दोन ठिकाणी उकरलेली जमीन मिळाली, पण तीत कोळ्यांनी जाळी विणली होती. वनमजूर म्हणाला, "साहेब, हे उकर लई जुनं हाय. दोन म्हैन्यात इकडं कळप फिरल्याला न्हाई."

अकरा वाजले. ऊन चढले. प्रत्येकी दोन लिटर पाणी आणले होते, ते संपत आले. मी निश्चिंत होतो, कारण पलीकडच्या घळीत आजोबांनी मला बारमाही झरा दाखवला होता. तासभर काटे तुडवत तेथे गेलो. झऱ्याच्या जागी वाळलेले शेवाळ आणि मधमाश्यांची चार प्रेते होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर विसंबून मी तिघांचे पाणी ठरवले होते. शेतकऱ्यांना पाण्याचा ताळेबंद शिकवणारा मी अधिकारी! वनमजुराच्या बाटलीतले पाणी तिघांत घोट घोट वाटून घेतले. माझ्या पायात गोळे आले. मीठ-साखर होती, पण ती कालवायला पाणी नव्हते. तासभर सावलीत पडून राहिलो आणि मग सगळ्यात जवळच्या वाटेने, म्हणजे ओढ्यानेच, खाली निघालो. तेव्हापासून सांगतो: माणशी चार लिटर पाणी घ्या, आणि पाणवठा त्याच आठवड्यात डोळ्यांनी पाहिलेला असल्याशिवाय हिशेबात धरू नका.

माग मिळाला

देवाची करणी पाहा. ती चूक झाली नसती, तर आम्ही त्या वाटेने आलोच नसतो.

अभयारण्याची हद्द संपली, गाव दिसू लागले. ओढ्याच्या काठाने वेड्या बाभळीचे दाट बेट पसरले आहे. निम्मे पडीक सरकारी जमिनीत, निम्मे पुतण्याच्याच खालच्या वावरात. त्याच्या कडेला वनमजूर थांबला आणि नाकावर बोट ठेवून उभा राहिला. ओल्या चिखलाचा आणि जनावराचा वास येत होता. विहिरीच्या पाटातून झिरपलेले पाणी तेथे साचून लोळण तयार झाली होती. बाभळीच्या बुंध्यांना गुडघाभर उंचीपर्यंत चिखल घासलेला. ठसे बोथट, मागे बारीक खुरांच्या खुणा, आणि त्यांत अजून पाणी साचत होते. आत पाला सळसळला आणि एक घुरघुर ऐकू आली.

वनमजुराने आम्हांला मागच्या पावलीच बाहेर काढले. पिले असलेली मादी माणसावर धावून येते. तिच्या आणि पिलांच्या मध्ये कधीही येऊ नये.

तेथून भुईमूग किती दूर होता? मी पावले मोजली. सहाशे वीस.

पुतण्या बांधावर बसला. डुकरे डोंगरातून येतात, असे सगळा गाव म्हणत होता. तो तार डोंगराकडच्या बांधावर ओढणार होता. त्या तारेत डुक्कर एकही सापडले नसते. सापडल्या असत्या त्या शेळ्या, किंवा शेळ्यांमागचे पोर.

खरे म्हणजे चूक माझीही होती. माग जेथे ताजा असेल तेथून सुरुवात करावी, हा शिकारीचा पहिला धडा. आम्ही वावरापासून माग काढला असता, तर अर्ध्या दिवसात काम झाले असते. पण गावाचे म्हणणे मीही खरे धरले आणि डोंगर चढत सुटलो.

पुढे काय केले

वनविभागाला आणि ग्रामपंचायतीला विचारून, पिले मोठी झाल्यावर मे महिन्यात ते बेट तोडले. पाटाची गळती बंद केली, म्हणजे लोळण आटली. तोपर्यंत तिसऱ्यांदा टोकलेला भुईमूग उगवेपर्यंतच्या रात्री चार शेजाऱ्यांनी पाळीने राखण केली. बी उगवून वर आले की डुकराचा निम्मा रस जातो. पुढे शेंगा भरताना पुन्हा पाळी लावायची. राखणीला डबे वाजवले ते ओढ्याच्या बाजूने, डोंगराच्या बाजूने नव्हे. झालेल्या नुकसानीचा अर्जही केला. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर शासन भरपाई देते. मात्र अर्ज लगेच, शक्यतो त्याच दिवशी करावा आणि पंचनामा होईपर्यंत वावर तसेच ठेवावे. सौर कुंपणालाही वनविभागाचे अनुदान आहे; आपले गाव त्या योजनेत बसते का, ते विचारून घ्यावे. त्या कुंपणाचा झटका जनावराला दूर सारतो, मारत नाही. विजेच्या खांबावरून सोडलेला करंट मात्र माणूस आणि डुक्कर यांत फरक करत नाही.

डुकरे पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षीही चार सरी गेल्या. परंतु दोन एकर गेले नाही.

आता या डोंगरात जाऊ इच्छिणाऱ्यांना एक ताकीद. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यात चक्क वाघ कॅमेऱ्यात दिसला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो येथवर आला, हे त्याच्या पट्ट्यांवरून ओळखले गेले. आपण तीस किलोमीटरचे नियोजन करताना पाणी विसरतो, आणि तो जिल्हेच्या जिल्हे ओलांडून आला! तेव्हा विचारल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये. मुलाबाळांना हरणे दाखवायची असतील, तर सोलापूरजवळ नान्नजला १९७९ चे माळढोक अभयारण्य आहे, तेथे काळविटांचे कळप दिसतात. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचे अभयारण्य तर काळविटासाठीच आहे. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजण्याची संधीही वनविभाग अनेक ठिकाणी देतो. 

पुतण्या आता गावात माग ओळखणारा म्हणून प्रसिद्ध आहे. कोणाचे पीक गेले की त्याला बोलावतात आणि तो आधी विचारतो, "वावरात कुणी पाय तर ठिवला न्हाई ना?" मागच्या खेपेला मी गेलो, तेव्हा ते तारेचे वेटोळे ओसरीवर दिसले नाही. परसात पाहिले, तर सूनबाईने दोन खांबांमध्ये ती तार ओढली होती आणि तिच्यावर धुणे वाळत होते.